भाऊ म्हणतो, जिना एवढा मोठा नव्हताच

प्रश्न: ताई, दोन महिन्यांनी माझा पहिला सोलो शो आहे. सगळी चित्रं आम्ही लहानपणी राहायचो त्या घराची आहेत, ते घर आता पाडलंय, मी नुसतं आठवून रंगवलं. परवा मोठा भाऊ बघायला आला आणि म्हणाला, जिना एवढा उंच कुठे होता, आठच तर पायऱ्या होत्या, आणि खिडकी उजवीकडे होती. जुना अल्बम काढला तर तोच बरोबर निघाला. सहा चित्रं परत करायला घेऊ का? झोप उडालीये.

उत्तर: नका घेऊ. आणि तो अल्बम आधी कपाटात टाका.

भाऊ मोठा आहे ना? मग त्याचा जिना बुटकाच असणार. एकेक पायरी गुडघ्याला लागायची, कठडा डोक्याच्या वर होता, तेव्हा तुम्ही तो जिना चढलायत, त्यामुळे तुमच्या चित्रातलं माप चुकीचं नाहीये, फक्त ते टेपने घेतलेलं नाहीये एवढंच. बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच लिहून ठेवलंय की आठवण म्हणजे पेटीतून जशीच्या तशी काढलेली वस्तू नसते, आपण ती दरवेळी नव्याने जुळवतो. त्याने लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर दरवेळी ती बदलत गेली आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टींसारखी होत गेली. म्हणजे तुमचा भाऊही सगळं बरोबर सांगत असेल असं नाही हं, पायऱ्यांच्या बाबतीत अल्बम त्याच्या बाजूने निघाला इतकंच.

तुम्हाला फ्रांको मॅन्यानीचं सांगते. इटलीतलं पोंतितो नावाचं छोटंसं डोंगरी गाव, तिथे वाढलेला हा माणूस पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाला आणि तिथे बसून वर्षानुवर्षं फक्त ते गाव रंगवत राहिला. १९८८ मध्ये तिथल्या एक्सप्लोरेटोरियम नावाच्या विज्ञान संग्रहालयात त्याची चित्रं आणि त्याच जागांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. बघणारे थक्क झाले कारण दगड न् दगड जुळत होता, पण सगळंच जुळत नव्हतं, आणि मला विचाराल तर तो शो बघण्यासारखा झाला तो त्या न जुळणाऱ्या जागांमुळे. फोटो गावाचा होता, चित्र त्या गावात वाढलेल्या मुलाचं.

पण म्हणून सगळ्याच चुका जपून ठेवा असं मी म्हणत नाहीये. खिडकी डावीकडे गेली ती तुम्ही बसायचात तिथे उजेड तिकडून यायचा म्हणून, की डावीकडे कॅनव्हास रिकामा वाटत होता म्हणून? पहिलं असेल तर हात लावू नका. दुसरं असेल तर ती भरताड आहे, पुसून टाका. जे आठवत नाही तिथे कुठूनतरी आणून फुलाच्या कुंड्या ठेवू नका, रंग पातळ होऊ द्या, कॅनव्हास उघडा राहिला तरी चालेल, आठवणीला भोकं असतातच. आणि कृपा करून सगळ्यावर तो पिवळट तपकिरी थर फिरवू नका, प्रत्येकाचं बालपण काय रोज संध्याकाळी सहालाच चाललेलं असतं का!

परत रंगवायचंच असेल तर जुनं न पुसता नवीन करा. नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा ती १५ वर्षांची होती, आणि त्याने त्यावरून केलेलं आजारी मुलीचं चित्र पुढे साधारण चाळीस वर्षांत सहा वेळा रंगवलं. आधीचं चुकलं म्हणून नाही, ते त्याला सुटतच नव्हतं. शागाल या चित्रकाराने १९११ मध्ये पॅरिसमध्ये बसून आपल्या गावाचं चित्र केलं, त्यात एक बाई आणि दोनचार घरं चक्क उलटी आहेत, पण ते बघताना कोणी गावाचा नकाशा मागत नाही.

भावाला मात्र कामाला लावा. त्याला पेन्सिल द्या, अल्बम न बघता घराचा नकाशा काढायला सांगा आणि तो कागद शोमध्ये तुमच्या जिन्याशेजारी लावा. पैजेवर सांगते, त्याचंही कुठेतरी चुकेल.

प्रश्न: एका चित्रकाराच्या बालपणावरचं प्रदर्शन बघितलं. ती जागा मी कधी पाहिलेली नाही, आजूबाजूचे सगळे वाहवा करत होते आणि मी कोरडाच. आधी माहितीफलक वाचायला हवा होता का?

उत्तर: उलट, पहिली फेरी काहीही न वाचता मारायची. चित्रकार कुठे उभा राहून बघतोय, किती उंचीवरून, काय ठळक आहे आणि काय गायब आहे एवढं बघा. मॅन्यानीच्या त्या गावात माणसंच दिसत नाहीत, हे लक्षात आलं की चित्र वेगळंच दिसायला लागतं. शिवाय जागा ओळखीची असावी लागते असंही नाही. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू घ्या, त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा तो गोल, शाळेत मन लागत नव्हतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं ही आठवण ते सांगायचे, आता त्या चित्रांत ना शाळा दिसते ना भिंत. आणि एवढं करूनही काही झालं नाही तर दोष तुमचाच असेल असं नाही. माझ्या पहिल्या शोमध्ये मी प्रत्येक चित्राखाली परिच्छेदभर आठवण लिहिली होती, लोक खाली वाकून वाचायचे, मान हलवायचे आणि वर न बघताच पुढच्या चित्राकडे जायचे.

प्रश्न: ऑइलची चित्रं महिन्यापूर्वी पूर्ण झालीत, शोआधी वॉर्निश मारू का? आणि किती उंचीवर लावू?

उत्तर: वॉर्निश आत्ता नको. हाताला कोरडं लागलं तरी ऑइल आतून वाळत असतं, शेवटच्या वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबतात, रंग जाड असेल तर जास्तच. उंचीचं म्हणाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतो असं लावायची पद्धत आहे. पण विषय बालपणाचा असेल तर एखादं मुद्दाम १ मीटरवर लावून बघा, पाच वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण तेवढ्यावर असतात. मोठ्यांना वाकावं लागेल, वाकू देत.