गर्व, अभिमान आणि लीन

मिरजेच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या चर्चमध्ये निवृत्त झालेल्या एका सिस्टरांचा सत्कार होता. फलकावर 'आम्हांला तुमचा गर्व आहे' असं छापून आलं. एका एल्डरांनी, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी, हरकत घेतली: गर्व काय नि अभिमान काय, दोन्ही पापच, ख्रिस्ती माणसानं लीन असावं. ताईंचा प्रश्न असा, की अभिमानही वाईटच का? आणि लीन म्हणजे नम्रच ना?

गर्वाबद्दल एल्डरांचं बरोबर आहे. मराठीत गर्व होतो, चढतो, उतरतो, आणि त्याचं घर खालीच असतं. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या १६व्या अध्यायात नाशाच्या आधी येतो तो हाच. कौतुकाचा 'गर्व आहे' हिंदीतून आला. हल्ली तो वाढदिवसाच्या प्रत्येक फलकावर दिसतो, तरी मला तो खटकतोच.

अभिमानाचं मात्र क्रियापदावर ठरतं. अभिमान 'चढला' की माणूस स्वतःकडेच बघत असतो. अभिमान 'वाटला' की नजर दुसऱ्याकडे जाते: लेकीचा, गावाचा, सिस्टरांचा. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रात मूळ ग्रीक शब्द बढाई मारण्याचा आहे. मराठी बायबलात तिथे 'अभिमान बाळगणे' आलं: जो अभिमान बाळगतो त्याने तो परमेश्वराविषयी बाळगावा (१ करिंथ १:३१). म्हणजे पौलही अभिमान टाकून द्या म्हणत नाही, तो कशाविषयी हे विचारतो.

आता लीन. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

नम्र हा 'नम्' म्हणजे वाकणे यातला. महापुरात झाडं जातात नि लव्हाळे वाचतात, ही म्हण आम्हा सांगलीकरांना समजावून सांगावी लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरल्यावर घाटाजवळ गेलो होतो. लव्हाळ्याच्या पात्यांवर गाळ वाळून पापुद्रे धरले होते, पण मुळं जागच्या जागी. वाकला म्हणून वाचला. या वाकण्यात शहाणपण आहे, आणि थोडा हिशेबही.

लीन हा 'ली' धातूचा. तल्लीन, विलीन त्याचीच भावंडं. त्यात वाकून पुन्हा उभं राहणं नाही, मिसळून जाणं आहे. पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्रात (२:८) ख्रिस्तानं 'स्वतःला लीन केले' असं येतं. मूळ ग्रीक शब्द सखल, खालच्या पातळीचा अशा अर्थाचा, आणि ग्रीक जगात तो बहुधा हिणवण्यासाठीच वापरत. त्याच वाक्यात आणखी काय आहे? वधस्तंभावरचं मरण. लव्हाळ्याची म्हण तिथे लागू पडत नाही, कारण हा लीन झालेला वाचला नाही. पुढच्या वचनात त्याला उंच केलं ते देवानं. म्हणून तिथे 'नम्र' घातला तर वाक्य हलकं होईल असं मला वाटतं.

रोजच्या वापरातही फरक दिसतो. 'नम्र विनंती' आपण हौसिंग सोसायटीच्या नोटिशीतही लिहितो, पत्राखाली 'आपला नम्र' अशी सही करतो. 'आपला लीन' अशी सही मी एकदाही पाहिलेली नाही. स्वतःला लीन म्हणवून घेणं माणसाच्या तोंडी बसत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशू ते म्हणतो, 'मी मनाचा सौम्य व लीन आहे', आणि तिथे ते खटकत नाही.

तेव्हा ताई, फलक पुन्हा छापणार असाल तर 'आम्हांला सिस्टरांचा अभिमान वाटतो' असं बिनधास्त छापा.