टर्बो पेट्रोल गाडी, स्टेज 1 ट्यून (म्हणजे फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवलेली), सोलापुरात रोजचा वापर. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाकू का?

नका टाकू. बदलायचाच असेल तर 200 सेलचा हाय-फ्लो कॅट घ्या. कंपनीचा साधारण 400 ते 600 सेलचा असतो, म्हणजे चौरस इंचात तेवढी छिद्रं. टर्बोला हवा तो मोकळेपणा त्यातच बराचसा मिळतो. सरळ पाइपमुळे त्यावर वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि सिग्नलला काच खाली केली की न जळलेल्या पेट्रोलचा वास.

कॅट गेला की त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे पी0420 (कॅट नीट काम करत नाही) हा कोड येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सेन्सर धुरापासून लांब ठेवणाऱ्या स्पेसरने दिवा विझतो, धूर तसाच राहतो. पीयूसीत अडकाल, आणि सात रस्त्यावर पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड. हाय-फ्लोही आरटीओच्या लेखी फेरफारच, एवढं ध्यानात ठेवा.

मुळात जुना कॅट तुंबलाय का, ते आधी बघा. पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. 2,500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर काटा गेला तर तुंबलाय. बहुतेकदा कारण मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. प्लग-कॉइल न बघता नवा बसवला तर तोही आतून वितळतो.

कॅट बसवतानाचं वेल्डिंग पुढच्या सेन्सरच्या आधी गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी वाटतं आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो.