हिवाळ्यातही धावण्याचा नित्यक्रम कसा टिकवावा?

तुम्ही लिहिले आहे की एरवी आठवड्यातून पाच दिवस पहाटे धावणे होते, परंतु थंडी पडली की दोन-तीन आठवड्यांत सगळे सुटते. तर हा आळस कसा घालवावा, कपडे कोणते घालावेत आणि ट्रेडमिलवर धावलेले धावणे म्हणून धरावे की नाही. यातला 'आळस' हा शब्द वाचला आणि हातातले काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले, कारण याच शब्दावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे तीन हिवाळे सतत वाजत आले आहे.

दादाचे म्हणणे असे की थंडी ही अंगाला कमी आणि मनाला जास्त वाजते. जो अंथरुणातून उठला तो सुटला, जो कुशीवर वळला तो मेला. तो स्वतः गेली कित्येक वर्षे नेमाने धावतो, हे मला मान्य केलेच पाहिजे. त्याचे दैवत म्हणजे इंग्लंडचे रॉन हिल. १९७० ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे हे गृहस्थ डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षांहून अधिक काळ, एकही दिवस न चुकवता धावले. "त्यांच्याकडे हिवाळा येत नव्हता का?" हे दादाचे ठेवणीतले वाक्य. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, म्हणून त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून मी त्याच्या अटी मान्य केल्या: रोज पहाटे, किमान पाच किलोमीटर, आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला दिवसाचा आकडा कळवायचा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लाल पेनाने फुली मारू लागले.

पहिले तीन आठवडे उत्तम गेले, आणि त्याचे श्रेय मी माझ्या निश्चयाला दिले ही माझी चूक. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, त्यामुळे दहा अंशांच्या आसपासची हवा लांब पल्ल्याच्या धावपटूंना सर्वांत मानवते. हिवाळ्याचे पहिले काही आठवडे हे धावणाऱ्याचे सुगीचे दिवस असतात. पाय हलके पडतात, घड्याळ चांगले आकडे दाखवते आणि माणसाला वाटू लागते की आपण बदललो. मी दादाला तसे कळवलेही होते.

३७ व्या दिवशी मला जाग यायला वीस मिनिटे उशीर झाला. कामावर वेळेत पोहोचायचे होते आणि फुली तर मारायचीच होती, म्हणून पांघरुणातून थेट बुटांत पाय घातले आणि धावता धावता आपोआप ऊब येईल अशा हिशेबाने फाटकापासूनच जोरात सुटले. दोनशे मीटर गेले असेन. उजव्या पोटरीवर मागून कोणीतरी नेम धरून दगड मारला. मी संतापाने वळून "कोण आहे रे?" असे ओरडलेसुद्धा. रस्ता रिकामा होता. दिव्याच्या खांबाखाली एक कुत्रे अंगाचे वेटोळे करून झोपले होते, त्याने डोळा उघडून पाहिले आणि पुन्हा शेपटीत नाक खुपसले. दगड नव्हताच. पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा बहुतेकांना मागून फटका बसल्यासारखेच वाटते, हे मला नंतर कळले. ते दोनशे मीटर परत यायला मला पाऊण तासासारखी वाटलेली पंधरा मिनिटे लागली, आणि त्यात पोटरीपेक्षा थंडीने अधिक हाल केले, कारण धावणाऱ्या माणसाला पुरणारे कपडे लंगडणाऱ्या माणसाला मुळीच पुरत नाहीत. तेव्हापासून फोन घेतल्याशिवाय आणि घडी करून कमरेला बांधता येईल असा एखादा जादा थर घेतल्याशिवाय मी थंडीत बाहेर पडत नाही. हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहून ठेवते.

रात्री नेहमीप्रमाणे दादाचा निरोप आला: "आजचा आकडा?" मी घडलेले सविस्तर सांगितले. त्यावर त्याचे उत्तर असे होते: "दोनशे मीटर धावलीस ना? मग साखळी तुटली नाही असे धरू."

मी सहा आठवडे धावू शकले नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले की वॉर्म-अप किती मिनिटे केला होता, आणि मी त्यांच्याकडे पाहण्याऐवजी माझ्या बुटांकडे पाहू लागले. गार स्नायू आकुंचन पावायला आणि सैल पडायला अधिक वेळ घेतो आणि त्यावर अचानक ताण आला तर तो लवकर दगा देतो, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. कॅलेंडरवरच्या फुल्यांपुढे ती आठवली नाही. सक्तीच्या विश्रांतीच्या त्या सहा आठवड्यांत मी दादाला हरवण्यासाठी बरेच वाचन केले, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर, जेवढे माझ्याकडे आहे तेवढे, त्यातूनच आलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पहाटेचा हट्ट सोडा. आपल्या शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत कमी असते आणि उठल्यावर हळूहळू वाढत जाऊन दुपार कलल्यानंतर कमाल पातळीवर पोहोचते. बाहेरची हवा सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत गार असते. शिवाय हिवाळ्यात त्या वेळी अंधारही असतो. म्हणजे अंग, हवा आणि उजेड या तिन्ही गोष्टी जेव्हा तुमच्या विरुद्ध असतात नेमकी तीच वेळ तुम्ही निवडता आणि मग जमले नाही की स्वतःला आळशी म्हणवून घेता. पहाटेची हवा शुद्ध असते हाही हिवाळ्यापुरता बहुतेक वस्त्यांमध्ये गैरसमजच आहे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते, वर तुलनेने उबदार हवेचे झाकण तयार होते आणि धूर व धूळ त्या झाकणाखाली कोंडून राहतात. ऊन चढून जमीन तापली की ते झाकण फुटते. ज्याला दुपारी किंवा संध्याकाळी पाऊण तास काढता येतो त्याने तीन महिन्यांसाठी खुशाल वेळ बदलावी. नित्यक्रम म्हणजे घड्याळातला ठरावीक आकडा, अशी व्याख्या दादासारख्या लोकांनी केलेली आहे, ती मानण्याचे आपल्यावर बंधन नाही.

दुसरी गोष्ट पल्ल्याची, आणि इथे मी दादाला सपशेल हरवले असे माझे मत आहे. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही प्रयोग केले. माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे सायकल आणि धावण्याचा कडक सराव करून घेतला, आणि मग पुढचे १५ आठवडे तो वेगवेगळ्या प्रकारे कमी केला. आठवड्यातले दिवस सहावरून दोनवर आणले तरी, किंवा रोजची मिनिटे ४० वरून १३ वर आणली तरी, शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळपास जशीच्या तशी राहिली. अट एकच होती, ती म्हणजे सरावाचा जोर कमी होता कामा नये. दिवस आणि मिनिटे तीच ठेवून नुसता जोर कमी केला तेव्हा मात्र कमावलेली क्षमता घसरू लागली. (१३ मिनिटांच्या गटात दीर्घकाळ दम धरण्याची ताकद थोडी घटली होती, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर दादा ते मला दाखवेलच.) तेव्हा थंडीचे तीन महिने आठवड्यातून तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटे आणि त्यात एकदा चांगला दम लागेल असे वेगाचे तुकडे, एवढे धावलात तर थंडी सरेल तेव्हा तुम्ही जिथे होता जवळपास तिथेच असाल. तुमचा नित्यक्रम सुटतो तो पाच दिवसांचा आग्रह धरल्यामुळे. पाचातले दोन हुकले की उरलेले तीनही माणूस सोडून देतो.

आणि रॉन हिल यांच्याविषयी सांगायचे तर, ते एक दिवस भरल्याचे कधी धरत, हे दादाने मला कधीच सांगितले नव्हते. किमान एक मैल. म्हणजे १.६ किलोमीटर! पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी तो मैल कुबड्या घेऊन पार केला होता, ज्याला मी धावणे म्हणणार नाही आणि ज्याचे अनुकरण कोणी करू नये असेच मला वाटते. आणि अखेरीस धावताना छातीत दुखू लागले तेव्हा ते स्वतःच थांबले. पाच किलोमीटरची अट हिल यांची नव्हती, दादाची होती. हे मी त्याला कळवले त्या दिवशी त्याचा काहीही निरोप आला नाही.

ट्रेडमिलला दादा 'घाणा' म्हणतो आणि त्यावर पळणाऱ्याला घाण्याचा बैल. मला स्वतःला ट्रेडमिल कंटाळवाणी वाटते, परंतु कंटाळा हा काही दर्जाचा निकष नव्हे. अलास्कातील अँकरेज इथल्या क्रिस्टीन क्लार्क या पेशाने डॉक्टर. तिथल्या हिवाळ्यामुळे त्यांचा बहुतेक सराव ट्रेडमिलवर झाला होता, आणि २००० साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवडीची महिला मॅरेथॉन त्यांनी २ तास ३३ मिनिटे ३१ सेकंदांत जिंकली. त्या दिवशी स्पर्धेच्या ठिकाणी चांगलेच उकडत होते, आणि उबदार खोलीत सराव केलेल्या बाईंना ते पथ्यावरच पडले असणार. तेव्हा ट्रेडमिलवरचे धावणे मनःपूर्वक धरा. वाटल्यास चढ एक टक्का ठेवा, म्हणजे बाहेरच्या वाऱ्याचा अडथळा जो मिळत नाही त्याची थोडीफार भरपाई होते.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटे किंचित गारठल्यासारखे वाटले पाहिजे. दारातच ऊब वाटत असेल तर एक थर जास्त झाला. अंगालगत सुती कपडा नको, कारण सूत घाम धरून ठेवते आणि पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. वाऱ्याचाही हिशेब ठेवा. तापमान पाच अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते एक अंशासारखे जाणवते. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि घामाने ओले झाल्यावर परतताना वारा पाठीशी असावा. मी दोन-तीनदा उलटे करून पाहिले आहे, पुन्हा करणार नाही. कान आणि बोटे झाकावीत. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये, कारण थंडीत हातापायांकडचे रक्त आत वळते, मूत्रपिंडांना शरीरात पाणी जास्त झाल्यासारखे वाटते आणि ती ते बाहेर टाकतात.

ज्यांना पहाटेशिवाय दुसरी वेळच नाही, त्यांनी दार उघडण्यापूर्वी घरातच दहा मिनिटे द्यावीत: जिना चढणे-उतरणे, जागच्या जागी गुडघे उचलणे, उठाबशा, आणि टाचा उचलून पोटऱ्या जाग्या करणे, विशेषतः हे शेवटचे. कपाळ किंचित ओलसर लागेपर्यंत बाहेर पडू नये. उबेतून एकदम गारठ्यात जाण्याची जी भीती अंथरुणात वाटते तीही यामुळे बरीच ओसरते, कारण मग तुम्ही पांघरुणातून निघून रस्त्यावर जात नाही, आधीच तापलेल्या अंगाने जाता.

हे सर्व धडधाकट माणसासाठी लिहिले आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. दमा असेल तर गार, कोरडी हवा श्वासनलिका आवळते, तेव्हा नाकातोंडावरून सैल मफलर घ्यावा आणि औषधाबाबत डॉक्टरांना विचारावे. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी माझे किंवा दादाचे, कोणाचेच ऐकू नये. आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. नुसते नाक वाहत असेल तर हळू धावायला हरकत नसते, पण खोकला छातीत उतरला असेल किंवा ताप असेल तर बूट काढून ठेवावेत. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असेल त्या दिवशी घाणाच बरा.

पहाटे पाचला उठावे कसे, हे मात्र मी सांगू शकणार नाही, कारण मी आता हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला धावते, आठवड्यातून तीन दिवस. दादा अजूनही रोज पहाटे जातो आणि रात्री न मागता आकडा पाठवतो. गेल्या जानेवारीत त्याला चांगलीच सर्दी झाली होती. त्या रात्री आलेला आकडा १.६ होता आणि त्यापुढे कंसात 'घाणा' असे लिहिले होते. मी उत्तरादाखल 'धरू' एवढाच शब्द पाठवला.