मोठ्या फूड कंपन्यांचा माल देशभरातल्या दुकानांत पोचतो कसा?

तुम्ही विचारलंय की मोठ्या फूड कंपन्या गावोगावच्या दुकानांत माल कसा पोचवतात, त्यांच्या स्वतःच्या गाड्या असतात का, आणि तुमच्या चिवडा-लाडवाच्या छोट्या ब्रँडला यातलं काय जमेल. आमची भांडुपला एजन्सी आहे, वडिलांनी सुरू केलेली, बिस्किटं, नमकीन, नूडल्स असा माल आम्ही भांडुप-मुलुंड पट्ट्यात देतो, त्यामुळे हे सगळं रोजचंच आहे, जरा सविस्तर लिहितो.

गाडीचं एवढं टेन्शन घेऊ नका, ट्रक भाड्याने मिळतो. माल देशभर फिरतो तो कोणाच्या तरी अडकलेल्या पैशावर, आणि तो पैसा बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे आमच्यासारख्या एजन्सीवाल्याचा असतो. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळी साखळी समजते.

कारखान्यापासून सांगतो. बिस्किट, वेफर्स हा हलका माल, ट्रकमध्ये वजन भरायच्या आधी जागाच संपते, म्हणजे लांबून आणला तर भाडं परवडत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या वेगवेगळ्या राज्यांत माल बनवतात, थोडा स्वतःच्या कारखान्यात आणि बराचसा दुसऱ्यांकडून बनवून घेतात. विलेपार्ल्याचा पार्लेचा १९२९ चा कारखाना २०१६ ला बंद झाला, पार्ल्यात उतरल्यावर येणारा तो भाजलेल्या बिस्किटांचा वास गेला याचं मला आजही वाईट वाटतं, पण पार्ले-जीचा तुटवडा काही झाला नाही कारण माल कधीचाच इतर ठिकाणांहून येत होता. घरातला एखाद्या मोठ्या ब्रँडचा पुडा उलटा करून बघा, बऱ्याच पुड्यांवर मागे बारीक अक्षरात चार-पाच कारखान्यांचे पत्ते असतात, प्रत्येकापुढे एक कोड, आणि बॅच नंबरमध्ये ज्याचा कोड असेल तिथे तुमचा पुडा बनलेला असतो.

कारखान्यातून माल जातो सी अँड एफ (कॅरिंग अँड फॉरवर्डिंग) एजंटच्या गोडाऊनला. माल कंपनीचाच राहतो, एजंट फक्त उतरवून घेतो, सांभाळतो, बिलं बनवतो, पुढे पाठवतो आणि त्याचं कमिशन घेतो. मुंबईसाठी हे गोडाऊन बहुतेक भिवंडीला, म्हणजे माणकोली, पूर्णा, दापोडे या बाजूला. तिथेच का, तर हायवे जवळ, जागा स्वस्त, आणि मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर, माल हद्दीत आणायचा तेवढीच जकात भरायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोडाऊनं तिथेच राहिली आणि अजून वाढली. त्याआधी कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात एक डेपो ठेवायच्या, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विकला तर २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि स्वतःच्याच डेपोला पाठवला तर लागायचा नाही. म्हणजे गोडाऊन कुठे टाकायचं हे गिऱ्हाईक कुठे आहे त्यापेक्षा टॅक्स कुठे वाचतो यावर ठरायचं. जीएसटीनंतर बऱ्याच कंपन्यांनी छोटे डेपो बंद करून दोन-तीन राज्यांना मिळून एक मोठं गोडाऊन केलं.

आता आमचा नंबर. भिवंडीहून आमच्याकडे माल येतो तेव्हा बऱ्याच कंपन्यांचे पैसे आधीच गेलेले असतात, आरटीजीएस केल्याशिवाय गाडी सुटत नाही. याला म्हणतात प्रायमरी सेल, आणि कंपनीच्या साहेबांचं टार्गेट मुख्यतः यावर, म्हणून महिनाअखेरीला फोनवर फोन, अजून दोन लाखांचा माल उचला म्हणून. आम्ही दुकानदाराला देतो तो सेकंडरी सेल, आणि तिथे उधारी, आठ-दहा दिवस तरी.

समजा महिन्याला ३० लाखांची विक्री आहे आणि मार्जिन ५ टक्के. म्हणजे दीड लाख. त्यातून सेल्समनचे पगार, टेम्पो, डिझेल, गोडाऊनचं भाडं, हमाली. उरले तर ३५-४० हजार. आणि त्यासाठी दहा दिवसांचा स्टॉक म्हणजे १० लाख, मार्केटमधली उधारी ८ लाख, वर कंपनीकडे अडकलेले क्लेम, म्हणजे स्कीम आणि डॅमेजचे तिच्याकडून यायचे पैसे. लोकांना वाटतं एजन्सी म्हणजे बसल्या जागी पैसा, तसं अजिबात नाहीये.

दुकानापर्यंतचं काम करतो सेल्समन. त्याचा बीट ठरलेला, सोमवारी ही लाईन, मंगळवारी ती, तेच दुकान आठवड्याने परत. चांगला सेल्समन कसा ओळखायचा तर तो दुकानात शिरल्यावर आधी ऑर्डर मागत नाही, रॅककडे बघतो, जुन्या तारखेचे पुडे पुढे ओढतो, नवीन मागे सारतो, तुटलेल्या लडीच्या जागी दुसरी लावतो आणि मग म्हणतो, शेठ, पाचवाल्याची एक पेटी टाकू का, बारावर एक फ्री आहे. शेठ आधी विचारणार, मागच्या डॅमेजचं काय झालं? त्याचं उत्तर सेल्समनकडे असेल तरच ऑर्डर मिळते. ऑर्डर मोबाईलवर, डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी, आणि भांडुपच्या चढावरच्या गल्ल्यांत छोटा हत्तीसुद्धा वर जात नाही, तिथे पोरं पेट्या खांद्यावर घेऊन चढतात, भर पावसातसुद्धा. देशभराचं नेटवर्क म्हणतात ते शेवटी या पोरांवर चालतं आणि त्यांना मिळतो त्यापेक्षा जास्त पगार मिळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

गावाकडे थोडं वेगळं. तिथे जिल्ह्याला सुपर स्टॉकिस्ट, म्हणजे मोठा साठा ठेवणारा, त्याच्याखाली तालुक्याला त्याच्याकडून माल घेणारा सब-स्टॉकिस्ट, आणि व्हॅन माल घेऊनच फिरते, जागेवर बिल. ब्रेडचंही असंच रोज पहाटे, आणि न खपलेला परत. आइस्क्रीमला उणे १८ डिग्री लागतं म्हणून फ्रीझरसुद्धा बऱ्याचदा कंपनीच देते.

मॉल आणि ॲपवाल्यांना बऱ्याच कंपन्या वेगळ्या दराने देतात, कधी आम्हाला पडतो त्यापेक्षाही कमी. यावरूनच २०२२ च्या सुरुवातीला डिस्ट्रिब्युटरांच्या संघटनेने कंपन्यांशी असहकार पुकारला होता. माझ्या मते मागणी बरोबर होती, एकाच पुड्याला दोन भाव लावले तर उधारी देऊन गल्लीबोळात माल पोचवणाऱ्याने करायचं काय?

तुमच्यासाठी सांगायचं तर देशभराचा विचार आत्ता करू नका. एक पट्टा घ्या, समजा ठाणे ते डोंबिवली, आणि ज्याच्याकडे चहा किंवा मसाल्याची एजन्सी आहे पण नमकीन नाही असा डिस्ट्रिब्युटर शोधा, त्याची गाडी त्याच दुकानांत जातेच आहे. पहिला माल थोडाच द्या आणि रिपीट ऑर्डर किती दुकानांतून येते ते मोजा, गोडाऊनमध्ये गेला म्हणजे विकला असं धरू नका. घरगुती चिवड्याला तारीख कमी असते, तर एक्सपायरी आणि डॅमेज कोण सोसणार ते पहिल्या दिवशी लेखी ठरवा, मी आत्तापर्यंत जेवढी भांडणं बघितलीत त्यातली बरीचशी यावरूनच झालीत. लाडू कुरिअरने जातात, ते सध्या दुकानात टाकूच नका.