कवच, कात आणि करवंटी

प्रश्न : बाजारातून जिवंत चिंबोऱ्या आणल्या. एकीची पाठ मऊ लागते, दाबली की आत जाते. खराब असेल का? (माहीम)

जिवंत होती ना? मग खराब नाही. तिने नुकतंच कवच टाकलंय. चिंबोरीचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं आणि कॅल्शियमचे क्षार मुरून कडक होतं. कडक झालेलं कवच वाढत नाही, अंग मात्र वाढतं. म्हणून आतल्या आत नवं मऊ आवरण धरतं, जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम ती परत शोषून घेते आणि कवच मागच्या बाजूने उकलून मागच्या मागे बाहेर सरकते. डांगे, पाय, डोळ्यांवरचा पापुद्रा, कल्ल्यांवरचं आवरण, इतकंच काय, जठराचं अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर निघून येतं! बाहेर पडताच ती पाणी शोषून फुगते, त्यामुळे मांस पाणचट लागतं. खायला हरकत नाही, पण पैसे पाण्याचे जातात. पुढच्या वेळी डांगे बांधलेले आहेत ना ते पाहून पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबा. दबली तर दुसरी मागा.

प्रश्न : कुंडीमागे सापाची अख्खी कात मिळाली. खवले गळून पडले, तर साप उघडा पडत नाही का? आणि तो विषारी होता का? (गोरेगाव, आरेलगत)

खवले गळलेले नाहीत. माशाचा खवला कातडीत रुतलेली वेगळी चकती असते, म्हणून सुरीने खरवडला की सुटतो. सापाचा खवला म्हणजे कातडीचीच जाड घडी. कातीत जातो तो फक्त वरचा केराटिनचा (आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाचा) मृत थर, खाली नवा तयार असतो. कातीचं डोकं शाबूत असेल तर उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक भिंगं दिसतील. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर हा एक खवलाच असतो.

कात निघताना ताणते, तेव्हा तिच्या लांबीवरून घाबरू नका. जात ओळखायला पोटाचे आणि शेपटीखालचे खवले पाहावे लागतात. ते काम जाणत्या सर्पमित्राचं, आपण अंदाज बांधू नये.

प्रश्न : सोडण आणि करवंटी, यांतलं नारळाच्या बीचं आवरण कोणतं? (दादर)

दोन्ही नाहीत. ती फळाची आवरणं. आंब्याच्या कोयीचं कठीण कवचही त्यातलंच. वड्या पांढऱ्याशुभ्र व्हाव्यात म्हणून खोवताना खोबऱ्याची जी तपकिरी पाठ आपण सोडून देतो, ते खरं बीजावरण.