वाचकांचे प्रश्न : साठीनंतर वजन उतरवताना

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत : साठी ओलांडल्यावर वजन कसे उतरवावे, आणि मुळात उतरवावे का. त्यांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण त्यात वर्णन केलेली चूक अत्यंत प्रामाणिक आणि शिस्तीच्या माणसांकडूनच अधिक होते, आणि ती वेळीच लक्षात आली तर भरून काढता येते.

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे, उंची १६५ सेंटिमीटर. तपासणीत मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळल्याने डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले. तेव्हा ते ८४ किलो होते. मी रात्रीचे जेवण बंद करून फक्त फळे घेऊ लागलो आणि रोज सकाळी तासभर चालू लागलो. चार महिन्यांत ७ किलो वजन उतरले. सगळे कौतुक करतात. परंतु जिना चढताना पूर्वी कधी लागला नव्हता तो कठड्याचा आधार आता लागतो आणि खुर्चीतून उठताना हातांवर भार द्यावा लागतो. वजन घटल्यावर शरीर हलके वाटायला हवे, मग हे उलटे का?

उत्तर : तुम्ही जिद्दीने केलेल्या प्रयत्नांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो : तुमचे वजन उतरले, पण त्यात केवळ चरबी उतरलेली नाही. वजनकाटा किलो सांगतो, ते किलो चरबीचे की स्नायूंचे हे सांगत नाही. नुसते खाणे कमी करून वजन उतरवले, तर घटलेल्या वजनाचा साधारण एक चतुर्थांश भाग चरबीव्यतिरिक्तच्या ऊतींचा, त्यातही मुख्यतः स्नायूंचा असतो. तुमच्या ७ किलोंपैकी सुमारे पावणेदोन किलो असे गेले असावेत. तरुणपणी ही घट लवकर भरून निघते. तिशीनंतर मात्र दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के स्नायू आपोआपच कमी होत असतात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो; या वयोमानानुसार होणाऱ्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. तुमच्या बाबतीत या झिजेत उपासाची भर पडली. शरीर ७ किलोंनी हलके झाले खरे, पण ते उचलणाऱ्या मांड्या त्याहून अधिक दुबळ्या झाल्या.

आता चालण्याविषयी. चालणे हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी आणि मनासाठी उत्तम आहे, ते सोडू नका. परंतु स्नायू राखण्याचे काम एकटे चालणे करू शकत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींना सहा महिने आहारनियंत्रण आणि व्यायाम यांच्या वेगवेगळ्या गटांत ठेवले होते. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, म्हणजे सुमारे नऊ टक्के उतरले. मात्र ज्यांनी केवळ चालण्यासारखा, दमसास वाढवणारा व्यायाम केला त्यांच्या चरबीविरहित वजनात पाच टक्के घट झाली, तर ज्यांनी वजने उचलून ताकदीचा व्यायाम केला त्यांच्यात ती दोनच टक्के होती. हाडांची घनताही पहिल्या गटात अधिक घटली. दोन्ही प्रकार एकत्र करणाऱ्यांची चालणे, उठणे, जिना चढणे यांतली क्षमता २१ टक्क्यांनी वाढली. एकच प्रकार करणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. वजनकाट्यावर सारख्या दिसणाऱ्या या माणसांच्या पायांत किती फरक पडला होता, हे तुमच्या कठड्याच्या अनुभवावरून तुम्हाला सहज उमगेल.

माझा सल्ला असा आहे की पुढचे तीन महिने वजन आणखी उतरवू नये. याला आधार आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले आणि साठीपुढच्या गटात तर ७१ टक्क्यांनी. तुमचे ७ किलो म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक आहेत. ते उद्दिष्ट तुम्ही केव्हाच गाठले आहे, आता गेलेली ताकद परत आणायची आहे.

त्यासाठी पहिले काम म्हणजे रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करणे. ते हलके असू द्या, पण त्यात प्रथिने हवीत. ज्येष्ठांनी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञांचे मत आहे. तुमच्यासाठी हा आकडा ७७ ते ९२ ग्रॅम होतो. फळांतून यातला नाममात्र भागही मिळत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम, तर १०० ग्रॅम मासळीत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, हे लक्षात घेतले की एकाच जेवणात सारा कोटा पुरा करणे किती अवघड आहे ते कळते. म्हणून तिन्ही जेवणांत २५ ते ३० ग्रॅम अशी विभागणी करावी; वय वाढले की थोड्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे चिमूटभर इथे, चिमूटभर तिथे असे घेऊन भागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

दुसरे काम त्याच खुर्चीवर करायचे आहे, जिच्यातून तुम्हाला उठवत नाही. पाठ असलेली, हलणार नाही अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेशी सरकून बसा, पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. हात छातीवर बांधा. आता कमरेतून पुढे इतके झुका की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल. बहुतेकांचे चुकते ते इथे, कारण पडण्याच्या भीतीने ते पाठ ताठ ठेवूनच उठू पाहतात आणि सारा भार गुडघ्यांवर येतो. टाचांनी जमीन दाबत उठा, उठताना श्वास सोडा, श्वास रोखून धरू नका. मग मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली बसा. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात शरीर धपकन टेकते. तेवढ्या अंतरात स्वतःला सावरून धरणे हाच या व्यायामाचा खरा गाभा आहे, कारण स्नायूंवर अधिक ताण खाली येताना पडतो. सुरुवातीला हात बांधून जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला उशी पातळ करत जा. आठ वेळा उठबस, मग दोन मिनिटे विश्रांती, अशा तीन फेऱ्या एक दिवसाआड कराव्यात. बारा वेळा सहज जमू लागले की दोन्ही हातांत पाण्याची भरलेली बाटली घ्या. भार वाढवत नेला नाही तर ताकद वाढायची थांबते.

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. रजोनिवृत्तीनंतर चयापचय मंदावते, त्यामुळे काहीही केले तरी वजन उतरत नाही, असे मैत्रिणी सांगतात. मी रोज दहा हजार पावले चालते, तरी पोटाचा घेर हटत नाही. प्रयत्न सोडून द्यावेत का?

उत्तर : सोडू नका. २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींची ऊर्जा मोजून २०२१ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शरीराचे आकारमान लक्षात घेता विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास तो एकाएकी कोसळत नाही असे आढळले. साठीनंतर घट सुरू होते, पण ती वर्षाला एक टक्क्याहूनही कमी, सुमारे ०.७ टक्के असते. मैत्रिणींच्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या बाबतीत : इस्ट्रोजेन कमी झाल्यावर चरबी नितंब आणि मांड्यांऐवजी पोटाभोवती साचू लागते, म्हणून वजन तेवढेच असले तरी घेर वाढलेला दिसतो.

दहा हजार या आकड्याचे दडपण घेऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला; साठीपुढच्या व्यक्तींना आयुष्यमानाच्या दृष्टीने मिळणारा लाभ सहा ते आठ हजार पावलांपाशी जवळजवळ पूर्ण होतो. वाचलेला वेळ आठवड्यातून दोन-तीनदा वर सांगितलेल्या ताकदीच्या व्यायामाला द्या.

आहाराबाबत मी एकच गोष्ट मागतो. सात दिवस तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ खाल्ल्याबरोबर लिहून ठेवा, रात्री आठवून नव्हे. चहातली साखर, चहाबरोबरची बिस्किटे, उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाल्लेला घास, सारे लिहा. तेलाचे तर चमच्याने मोजमाप करा, कारण मोठ्या चमचाभर तेलातच १२० उष्मांक असतात आणि भांड्यात धार धरून ओतलेले तेल किती होते याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. रोजच्या आहारातून २५० ते ५०० उष्मांक कमी झाले तरी पुरे, आणि ते तेल, साखर व तळलेल्या पदार्थांतून कमी करावेत, डाळी, दूध, अंडी, भाज्या यांतून नव्हे. महिन्याला एक-दीड किलो उतरले तर मी त्याला उत्तम गती म्हणेन. काट्यावर दिवसागणिक किलोभर फरक पाण्यामुळेही पडतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करावे आणि पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजावा.

प्रश्न : वय ७२. मधुमेहासाठी इन्सुलिन आणि रक्तदाबासाठी दोन गोळ्या चालू आहेत. आहार कमी केल्यापासून दुपारी घाम येऊन थरथरल्यासारखे होते आणि पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे अशक्तपणामुळे असेल का?

उत्तर : याला अशक्तपणा समजून अंगावर काढू नका, आजच तुमच्या डॉक्टरांशी बोला. तुमचे खाणे कमी झाले, पण औषधांचे प्रमाण जुन्या खाण्याचेच राहिले आहे. इन्सुलिनमुळे, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांमुळे, अशा वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम आणि थरथर सुरू झाली की साखर तपासा. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वजन उतरले की रक्तदाबही उतरतो, म्हणून आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरत असेल तर गोळ्यांची फेररचना लागू शकते. स्वतःच्या मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नका. तोवर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठा, आणि पाणी तहानेची वाट न पाहता प्या, कारण या वयात तहान उशिरा लागते. पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर ती पाळावी.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७० किलो. एका तक्त्यात आदर्श वजन ६२ किलो दिल्याचे वाचून त्यांनी दूध आणि दुपारचे जेवण बंद केले आहे. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : तुमच्या वडिलांना वजन उतरवण्याचे कारणच नाही. त्यांचा देहमानांक (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, बीएमआय) २५ च्या आतच आहे, आणि त्या वयात थोडे भरलेले शरीर आजारपणात किंवा शस्त्रक्रियेत उपयोगी पडते. हाडांना आणि स्नायूंना मात्र उपासमारीचा फटका बसतो. दूध आणि दुपारचे जेवण त्यांनी आजच पुन्हा सुरू करावे. आपण या वयात काहीतरी करायला हवे, ही त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते, तेव्हा ती मोडून न काढता व्यायामाकडे वळवा. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा ताकदीचा व्यायाम दिला असता त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. ७९ व्या वर्षी तर अजून बरेच काही मिळवता येईल. हृदयाची तपासणी झाल्यावर खुर्चीतील उठबस सुरू करावी आणि ओट्याला एका हाताने धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा तोल साधण्याचा सराव रोज करावा. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा.

आणखी एक दक्षता घ्या. त्यांचे वजन महिन्यातून एकदा लिहून ठेवा. नीट जेवू लागल्यानंतरही सहा महिने ते वर्षभरात, कोणताही प्रयत्न न करता, ते साडेसहासष्ट किलोंवर आले, तर ती पाच टक्क्यांची घट ठरते. अशा वेळी दातांपासून थायरॉइडपर्यंत, उदासीनतेपासून कर्करोगापर्यंत अनेक कारणे तपासावी लागतात, आणि वजनांच्या त्या नोंदी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवाव्यात.