स्क्रू पाना घेताना आधी जबडा हलवून बघा

नळाचे नट, सायकल आणि स्कूटरची किरकोळ कामं, यासाठी एकच स्क्रू पाना, म्हणजे स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा होणारा पाना, घ्यायचाय. 8 इंची घेऊ की 12 इंची, आणि फूटपाथवरच्या दोनशेच्या पान्यात आणि दुकानातल्या सातशेच्या पान्यात फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

फरक जबड्यात आहे. दुकानात पाना हातात घ्या, अर्धा उघडा आणि सरकता जबडा चिमटीत धरून हलवून बघा. थोडी ढिलाई चांगल्या पान्यातही असते, नाहीतर तो सरकणारच नाही. पण खुळखुळ्यासारखा वाजला तर काउंटरवर परत ठेवा. मग पूर्ण मिटवून उजेडाकडे धरा. फट टोकाकडे रुंद होत गेली तर तो नट सोडणार हे नक्की. शेवटी अंगठ्याने स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मध्येच अडकता कामा नये.

मी असाच एक चकचकीत पाना फूटपाथवरून उचलला होता. गच्चीवरच्या टाकीचा गंजलेला नट, दुसऱ्याच हिसक्याला जबडा फाकला, नटाचे कोपरे गेले आणि बोटांची सालं भिंतीवर राहिली. प्लंबरला तो नट शेवटी हॅक्सॉने कापावा लागला. त्याने घेतलेल्या पैशांत दोन चांगले पाने आले असते.

मापाचं म्हणाल तर 8 इंची पाना साधारण 24-25 मिमीपर्यंत उघडतो. 8 मिमीच्या बोल्टचा नट 13 मिमीचा असतो, त्यामुळे स्कूटरचं बरंच काम त्यात भागतं. नळाचे मोठे नट मात्र त्यात शिरत नाहीत. म्हणून एकच घ्यायचा असेल तर 10 इंची घ्या, तो 30 मिमीच्या आसपास उघडतो. निघण्याआधी घरातला सगळ्यात मोठा नट पट्टीने मोजून जा. 12 इंची नको. एवढा लांब दांडा 6 मिमीच्या बोल्टला लावलात तर बोल्टच तुटून हातात येईल.

मी स्वतः नाशिकच्या तापारिया कंपनीचा काळा, क्रोमऐवजी फॉस्फेटचा थर दिलेला पाना वापरतो. तेलकट हातातून तो क्रोमवाल्यासारखा निसटत नाही, आणि पापुद्रे सुटायचा प्रश्नच नाही. बजेट मोठं असेल तर जर्मनीच्या क्निपेक्स कंपनीचा प्लायर्स रेंच (पकडीसारखा पाना) बघा. त्याचे जबडे गुळगुळीत आणि समांतर असतात, दांडा दाबला की नट दोन्हीकडून आवळला जातो. वस्तू सुंदर आहे, पण नळासाठी एवढे पैसे घालवणं मला जिवावर येतं. (आज आपण वापरतो तसा स्क्रू पाना स्वीडनच्या योहान पेत्तर योहान्सन यांनी 1892 मध्ये पेटंट केला. मूळ रचना अजून तीच आहे.)

चांगला पानाही उलटा लावला की नट खातो. आधी नटावर घट्ट मिटवा, मग दांडा सरकत्या जबड्याच्या दिशेने ओढा, म्हणजे मुख्य जोर पक्क्या जबड्यावर येतो. शक्यतो ढकलू नका, ओढा.

आणि स्कूटरच्या ॲक्सलच्या नटाला हा लावूच नका, तिथे त्या मापाचा रिंग पानाच, म्हणजे नटाला चहूबाजूंनी धरणारा, हवा. नळाच्या क्रोमच्या नटावर लावताना मध्ये जुन्या बनियनची पट्टी घाला, ओरखडे पडत नाहीत.